काकूंचा हाव

काकूंना फोटोत मधोमध उभं राहायला आवडायचं. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांच्याविषयी आजवर जे काही छापून आलं त्यातलं बरंचसं मी लिहिलेलं आहे, आणि त्या प्रत्येक बातमीची सुरुवात 'प्रसिद्धीपासून कोसो दूर असलेल्या' अशीच आहे. हे वाक्य मला फार आवडायचं. ते लिहिलं की बातमीला आपोआप वजन येतं असा माझा समज होता. प्रत्यक्षात काकू प्रसिद्धीपासून अजिबात दूर नव्हत्या. त्या तिच्या वाटेवर खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या, आणि तिला यायला उशीर झाला की मला फोन करायच्या.

"बापू, आज पेपरात नाई आलं काई?"

"जागा नव्हती काकू. उद्या आतल्या पानावर येईल."

"आतल्या पानावर कायले? आतलं पान कोन वाचते? त्याच्यात तं लोकं भजे बांधतात."

पुढे एकदा घाटंजीच्या बाजारात त्यांना खरोखरच त्यांच्याच फोटोत बांधलेली भजी मिळाली. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. पण काकू खूश होत्या. म्हणाल्या, "लोकायच्या हातात तं गेला ना फोटो. कपाटात राहून काय करन?" तेलाचा डाग नेमका माझ्या नावावर पडला होता. तो मी त्यांना दाखवला, पण त्यांनी विशेष दुःख व्यक्त केलं नाही.

माझा घाटंजीला फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारसी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस ही आमची कामं. शिवाय मी एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर. माझ्या कार्डावर नावाखाली 'छायाचित्रकार, पत्रकार व विचारवंत' असं छापलं आहे. 'विचारवंत' हा शब्द छापखानेवाल्यानं, ओळीत जागा उरते म्हणून सुचवला आणि मी फारसा विरोध केला नाही. काकूंनी ते कार्ड वाचून विचारलं होतं, "विचार कवा करतं तू? दुकान तं दिवसभर उघडंच दिसते."

काकू अंगणवाडीतून निवृत्त झाल्या आणि समाजकार्याला लागल्या. त्यांची संस्था नव्हती, लेटरहेड नव्हतं, कार्यकर्ते नव्हते. हातपंप बंद पडला, कुणाचं रेशन अडलं, दवाखान्यात डॉक्टर येत नाही, असं काही कानावर आलं की त्या निघायच्या. घरी काका असायचे. काका शेतीतले, बोलणं कमी. त्यांना विचारलं, "काकू कुठं गेल्या?" तर ते म्हणायचे, "मले काय मालूम? उद्याच्या पेपरात येईन." आता काकांच्या गुडघ्यांनी शेती सोडायला लावली आणि दोघं वणीला लेकीकडे राहायला गेली. तिकडच्या कचेऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते.

कारण काकूंची आंदोलन करायची रीतच वेगळी होती. घोषणा नाही, झेंडा नाही, मांडव नाही. हिवाळ्यात त्या तुरीच्या ओल्या शेंगांनी भरलेली पिशवी घेऊन कचेरीत जायच्या, साहेबांच्या दारासमोर फतकल मारून बसायच्या आणि शेंगा सोलायला लागायच्या. शिपाई विचारायचा, "काकू, काय काम हाये?"

"काम कायचं? साहेब येतवरी सोलून राह्यली. तू रिकामाच उभा हायेस तं घे थोड्या."

शिपाई घ्यायचा. आमच्या भागातल्या माणसापुढे ओल्या शेंगांचा ढीग ठेवावा आणि त्यानं हात न लावता बसावं, असं होतच नाही. शिपायामागून कारकून यायचे, कारकुनांमागून कामासाठी आलेले लोक. मग कुणाच्या पोरीचं लग्न जमत नाही, कुणाच्या बायकोला थायरॉइड निघाला, अशा गोष्टी सुरू व्हायच्या. साहेब येईपर्यंत कचेरीचं पार घरचं अंगण झालेलं असायचं. सालपटांचा ढीग, त्याभोवती आपलेच कर्मचारी, आणि टेबलावर कुणी नाही. काकूंना आत बोलावून त्यांचं काम करून टाकणं, हा कचेरी पुन्हा चालू करण्याचा एकच मार्ग उरायचा. उन्हाळ्यात शेंगांऐवजी चिंचा असायच्या. चिंचा फोडताना गप्पा आणखी लांबतात, त्यामुळे उन्हाळ्यातली कामं लवकर व्हायची.

या सगळ्याचा फोटो काय काढायचा, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. आंदोलन म्हटलं की वर केलेली मूठ पाहिजे, उघडं तोंड पाहिजे, मागे पोलीस पाहिजे. मी एकदा काकूंना विनंती केली की निदान मूठ तरी वर करा. त्यांनी केली. तीत शेंगा होत्या. मी तोच फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पानावर आला, खाली ओळ होती, 'बाजारात तुरीच्या ओल्या शेंगांची आवक वाढली.' मी दिवसभर स्टुडिओचं शटर अर्धं ओढून बसलो. काकू मात्र पेपर घेऊन सगळ्या गावात फिरल्या. "पहिल्या पानावर हाये," म्हणाल्या. "आन् मधोमध हाये."

मग मी ठरवलं की काकूंची प्रतिमा घडवायची. हा शब्द मी मोबाइलवर एका भाषणात ऐकला होता. एका बातमीत मी त्यांना 'प्रसिद्धीपराङ्मुख' म्हटलं. तो शब्द टाइप करायला मला अर्धी सकाळ लागली. काकूंनी फोन केला.

"ह्या शब्दाचा अर्थ काय होते बापू?"

"प्रसिद्धीकडे ज्यांनी तोंड फिरवलंय अशा."

"तोंड फिरवलं तं फोटोत दिसन काय? पाठ?"

मी त्यांना समजावून सांगितलं की समाजसेवकाला प्रसिद्धी नको असते, निदान तसं लिहावं लागतं, लोकांना ते आवडतं. त्या म्हणाल्या, "मले तं पायजे. पेपरात फोटो आला का साहेब खुर्चीवरून उठते. नाई आला तं बस म्हणत नाई. आन् खरं सांगू का, पाहाले बी चांगलं वाटते." हे वाक्य मी अर्थातच छापलं नाही. माझ्या मते ते काकूंना शोभणारं नव्हतं. काकूंना काय शोभतं हे काकूंपेक्षा मला जास्त कळतं, अशी माझी त्या काळात पक्की खात्री होती.

त्याच सुमारास बसचं प्रकरण सुरू झालं. आमच्या फाट्यापासून आत, टेकडीपलीकडे, एक तांडा आहे आणि त्याच्या पुढे कोलाम आदिवासींची वस्ती, म्हणजे पोड. तिथून सकाळी एक बस यायची आणि शाळा-कॉलेजच्या पोरी तिच्यातून यायच्या. ती बस उत्पन्न नाही म्हणून बंद झाली. पोरं कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून यायला लागली. पोरींना ते कोण करू देणार? पायी यावं तर मधला रस्ता जंगलाचा आणि जंगलात वाघ. तांड्यावरची पायल तेव्हा अकरावी सायन्सला होती. तिचा बाप काकूंच्या दारात येऊन स्पष्ट सांगून गेला, "काकू, जून लागेस्तोवर बस लागली तं ठीक. नाई तं मी पोरीचं नाव काढतो. एक जागा आली हाये तिले, लगन लावून देतो."

पायल बापाच्या मागे उभी होती. काकूंनी तिला एवढंच विचारलं, "शिकाचं हाये का तुले?" तिनं मान हलवली. काकू म्हणाल्या, "मंग बस येते." बस आगाराची, निर्णय वरच्यांचा, आणि शब्द दिला काकूंनी. मी लगेच 'काकूंचा एल्गार' हा मथळा लिहून ठेवला.

काकू चिंचांची पिशवी घेऊन आगारात जायला लागल्या. आगाराचे साहेब तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले. ते स्वतः येऊन चिंचा फोडायला बसायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "काकू, प्रस्ताव वर पाठवलाय." पहिल्यांदाच काकूंची रीत लागू पडली नाही. साहेब जागेवरचे उठायलाच तयार नव्हते. त्यांच्या चिंचा फोडून झाल्या की ते काकूंच्या फोडायला घ्यायचे.

मग मी या लढ्यात उतरलो. मी एक माहितीपट काढला. वर ड्रोन उडवला, मागे बासरी लावली, माझ्याच आवाजात निवेदन केलं. शेवटी काकू सूर्याकडे पाहत पाठमोऱ्या चालत जातात असं दृश्य होतं, ज्याला, पाठ दिसते म्हणून, काकूंचा विरोध होता. तो माहितीपट माझ्या सासुरवाडीनं पाहिला. त्याच्यापुढे तो गेला नाही. पण शूटिंगच्या दिवशी ड्रोनच्या नादात मी एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावरच्या गुंडाला, म्हणजे पाण्याच्या हंड्याला, धडकलो आणि तिचं पाणी सांडलं. काकू माझ्यावर ओरडल्या, "अबे, ते पाखरू उतरव पहिले आन् मायचा गुंड भरून दे! इथं बस नाई, पानी नाई, आन् तू वरून काय पाहून राह्यला बे?" माझ्या मोबाइलवर हे चुकून रेकॉर्ड झालं आणि माझ्या पुतण्यानं ते गंमत म्हणून टाकून दिलं. दोन दिवसांत ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. काकू प्रसिद्ध झाल्या. मीही झालो, पण 'काय पाहून राह्यला बे' या नावानं.

त्यानंतर मुंबईची एक वाहिनी आली. थेट प्रक्षेपण होतं, फाट्यावर, जिथं पूर्वी बस थांबायची तिथंच. तांड्यावरचे आणि पोडावरचे लोक जमले होते. पायलचा बाप आला होता. काकूंनी पोपटी लुगडं नेसलं होतं, कारण ते फोटोत उठून दिसतं. मी कॅमेऱ्याच्या मागे उभा राहून सगळी सूत्रं हलवत होतो, म्हणजे वाहिनीच्या माणसांना चहा देत होतो.

इथं बाहेरच्या वाचकासाठी एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्याकडे 'हो' म्हणत नाहीत, 'हाव' म्हणतात. जेवलास का? हाव. येतोस का? हाव. दिवसातून इतक्या वेळा म्हणतो की तो शब्द आहे हेही आम्ही विसरून गेलो आहोत.

निवेदिका गोड बोलत होती. बसविषयी दोन प्रश्न विचारून झाल्यावर तिनं आवाज बदलला. "काकू, काही लोक असंही म्हणतात, की हे सगळं तुम्ही प्रसिद्धीच्या हावेपोटी करताय. आहे का तुम्हाला प्रसिद्धीची हाव?"

"हाव," काकू म्हणाल्या.

निवेदिकेला ते खरं वाटेना. "म्हणजे तुम्ही मान्य करताय? प्रसिद्धीची हाव?"

"हाव ना!"

मागे उभ्या असलेल्या तांड्यावरच्या बायांनी माना डोलावल्या. मी कॅमेऱ्यामागून दोन्ही हात हलवून काकूंना थांबायला सांगत होतो. काकूंना वाटलं, मी त्यांना मधोमध सरकायला सांगतोय. त्या एक पाऊल सरकल्या, पदर नीट केला आणि थेट कॅमेऱ्यात पाहून हसल्या.

त्या हसण्यानं घात केला. संध्याकाळपर्यंत त्या 'हावकाकू' झाल्या होत्या. तो तुकडा उलटा, सुलटा, हळू, वेगात असा सगळीकडे फिरायला लागला. कुणीतरी त्याच्याखाली ढोल लावले. आठवड्याभरात मी एका लग्नाचं शूटिंग करत होतो, तर वरातीत डीजेवर काकूच वाजत होत्या, "हाव ना, हाव ना," आणि नवरदेव घोड्यावरून उतरून नाचत होता. मी ते शूट केलं. पैसे घेतले होते, काय करणार? बसबद्दल कुठंही एक अक्षर नव्हतं.

आता प्रतिमा वाचवणं माझं कर्तव्य होतं. मी खुलासा लिहिला. 'काकूंच्या तोंडून निघालेला हाव हा शब्द लोभ या अर्थाने नसून वऱ्हाडी बोलीप्रमाणे होकारार्थी आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी.' सगळ्या दैनिकांना पाठवला, समाजमाध्यमांवर टाकला, आणि हे वाक्य आपण किती शास्त्रीय लिहिलं म्हणून स्वतःला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी मथळा आला, 'प्रसिद्धीची लालसा होकारार्थीच! काकूंच्या निकटवर्तीयाचा खुलासा.' तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकूंना लोभ आहे का, असं विचारलं असता त्या 'हो' म्हणाल्या, हे आत्तापर्यंत अर्ध्या लोकांना नीट कळलं नव्हतं. ते मी त्यांना सप्रमाण समजावून दिलं होतं. बातमीत फोटो माझा होता. तो बरा आला होता, हेही मी त्या अवस्थेत पाहून घेतलं.

फाट्यावर लोक काकूंना टाळायला लागले. पायलचा बाप मला बाजारात भेटला आणि म्हणाला, "काकूचं झालं, पेपर झाला, टीव्ही झाला. माह्या पोरीचं काय झालं?" त्याला उत्तर देण्याइतका विचारवंत मी नव्हतो. मे महिना निम्मा सरला होता.

आम्ही पुन्हा आगारात गेलो. या वेळी साहेब चिंचांना हात लावेनात. अवघडून म्हणाले, "काकू, तुमच्याबद्दल आदर आहे. पण आता मी बस सोडली तर लोक म्हणतील, एका बाईच्या प्रसिद्धीच्या हावेसाठी सरकारी डिझेल जाळलं."

मी पुढे सरसावलो. "साहेब, इथं एक भाषिक गैरसमज झालेला आहे. आमच्या वऱ्हाडीत..."

"चूप बैस बापू," काकू म्हणाल्या. "कायचा गैरसमज? दोन्ही हाव मालूम हायेत मले. अंगणवाडीत मी का गोट्या खेळत होती? त्या पोरीनं मले विचारलं, प्रसिद्धीचा लोभ हाये का. मी म्हटलं, हाये. खोटं कायले बोलू?"

मी खुर्चीत बसलो. 

"साहेब, मी घरात बसून बस मागतली असती, तं तुमी देली असती का?"

साहेबांनी पेपरवेट बाजूला सरकवला आणि खरं ते सांगितलं. "नाही."

"मंग? पायजेच ना प्रसिद्धी! आन् फोटो काढला तं मले चांगलं वाटते, हे बी खरं हाये. तुमाले नाई वाटत का? तुमच्या मांगं भिंतीवर कोनाचे फोटो हायेत?"

साहेबांच्या मागे भिंतीवर साहेबांचेच सत्काराचे फोटो होते. ते हसले, पण त्यांच्या हातात काही नव्हतं हेही दिसत होतं. निघताना त्यांनी पिशवीतली एक चिंच उचलून खिशात टाकली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा माणूस माझ्या स्टुडिओत आला. फोटोंची ऑर्डर होती. "आमच्या साहेबांनी वर शब्द टाकला," तो म्हणाला. "तांड्याची बस पुढच्या आठवड्यात सुरू. साहेब हिरवी झेंडी दाखवणार." मी आनंदानं उठून उभा राहिलो. तो म्हणाला, "पण एक आहे. त्या हावकाकू तिथं नको. फोटोत नको, बातमीत नाव नको. लोक म्हणतील तिनं लावून घेतली. साहेबांना ते बरं दिसत नाही. त्या येणार असतील तर साहेब कार्यक्रम पुढं ढकलतील. दिवाळीच्या नंतर बघू म्हणाले."

मी तडक काकूंच्या घरी गेलो. काका ओट्यावर बसले होते, काकू तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानंच भाषण केलं. स्वाभिमान, लढा, तत्त्व, हे सगळे शब्द एकामागून एक आले. आपण नाही म्हणायचं, म्हणालो. याला वाचा फोडायची. मी उद्याच लिहितो.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कालेज कवा उघडते?"

"जूनमध्ये. पण काकू, मुद्दा तो नाही."

"मंग काय हाये मुद्दा?"

"बस तुम्ही आणली! आणि मी, म्हणजे आपण सगळे, इतकी वर्षं राबलो. माझ्या मेहनतीचं काय? माझं नाव कुठं..." इथं मी थांबलो, पण वाक्य बाहेर पडलं होतं.

काका पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहायला लागले. काकू हसल्या नाहीत. खूप मायेनं म्हणाल्या, "तुले बी पायजे होती का रे? मंग सांगाचं ना बापू. मी सरकली असती, तुले मधात उभा केला असता. त्याच्यात लाजाचं काय?"

मला त्या ओट्यावरून कुठं तरी नाहीसं व्हावंसं वाटलं. काकूंनी तांदळाचं सूप खाली ठेवलं. "सांग त्याले, मी येत नाई म्हणा. पन बस नेमानं चालली पायजे. एक दिवस बी चुकली तं मी त्याच्या घरासमोर जाऊन बसन." आणि त्या आत गेल्या. बाहेर यायला त्यांना नेहमीपेक्षा उशीर लागला.

उद्घाटनाला मी गेलो. ऑर्डर माझीच होती. फाट्यावर मोठा फ्लेक्स लागला होता आणि त्यावर पुढारी इतक्या वेगवेगळ्या बाजूंनी हसत होते की खरे आले तेव्हा लोकांनी फारसं लक्ष दिलं नाही. बसला झेंडूची माळ होती. नारळ फुटला, झेंडी हलली, पुढारी बसच्या दारात उभे राहून हात जोडत होते. मी बसच्या सगळ्या बाजूंनी फोटो काढले. तांड्यावर बस पोहोचली तेव्हा पायल आणि पोडावरच्या दोघी आधीच दप्तरं घेऊन रस्त्यात उभ्या होत्या. कॉलेज उघडायला अवकाश होता, तरी त्या दप्तरं घेऊन आल्या होत्या. कार्यक्रमात काकूंचं नाव कुणी घेतलं नाही. मीही बातमीत लिहिलं नाही. त्यांनीच तसं कबूल केलं होतं, आणि मला बिल काढायचं होतं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. काका म्हणाले, "दुपारपासून जेवली नाई." काकू अंगणात खाटेवर बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी मोबाइलसाठी हात पुढे केला.

मी फोटो दाखवायला लागलो. त्या पुढाऱ्यावरून, माळेवरून, फ्लेक्सवरून भराभर पुढे गेल्या. एका फोटोपाशी थांबल्या. त्यात पायल बसच्या खिडकीशी बसली होती आणि बाहेर पाहत होती. काकूंनी दोन बोटांनी तो मोठा केला. पायलच्या चेहऱ्यानं सगळा पडदा भरला. काकू पुष्कळ वेळ पाहत होत्या.

"चांगला काढला तू हा," त्या म्हणाल्या. "मी असती तं अठीच उभी राह्यली असती दाराजवळ. हिचं तोंड झाकलं असतं."

माझ्या डोक्यात त्याही वेळी 'त्यागमूर्ती' हा शब्द तयार झाला. खोटं कशाला सांगू? मथळा कुठल्या टायपात बसेल, इथवर मी पोहोचलो होतो.

काकूंनी मोबाइल माझ्या हातात दिला. पदर डोळ्यांना लावला, तो खाली घेतलाच नाही.

"पन बलावाले पायजे होतं मले, बापू," त्या म्हणाल्या. "बस माही होती."